न दुखलेला काटा

बाभळीचा काटा माझ्या उजव्या पायाच्या तळव्यात सहा दिवस होता. त्या सहा दिवसांत मी ग्रंथालयात कामावर गेले, बोरगाव मेघेतल्या आमच्या घराचा जिना रोज चार-चार वेळा चढले, एका मैत्रिणीच्या साखरपुड्यात दोन तास उभी राहिले. काटा एकदाही दुखला नाही. दुखला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी सव्वीस वर्षांची आहे. तेराव्या वर्षापासून मला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं तो प्रकार. स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही. पण आता माझा पाय बरा आहे, आणि तो कसा वाचला हे मला माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे, मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांना शुगर आहे आणि ज्यांना आत्ता काहीही दुखत नाही.

सीतादही

दसरा झाला की देवळीजवळ मामांच्या शेतात कापूस फुटतो. पहिल्या वेचणीच्या आधी तिथे सीतादहीची पूजा होते. शेतात पाच दगड मांडायचे, त्यांना हळदीकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा दहीभात शेतात शिंपडायचा आणि मग पहिली बोंडं वेचायची. आम्ही दर वर्षी जातो. मला माणसांची गर्दी नको वाटते, पण हे आवडतं. तिथे फार बोलावं लागत नाही.

शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पोचलो तेव्हा आई म्हणाली, “बूट काढ वं. पूजेले बूट घालून जाते का कोणी?”

मी बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळींमधून अनवाणी चालत गेले. कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या इकडेतिकडे पडल्या होत्या. मामी पुढून म्हणाली, “पाहून पाय ठेवजो, काटे हायेत.” मी पाहूनच ठेवत होते. निदान मला तसं वाटत होतं.

माझ्या दवाखान्याच्या फाईलमध्ये, अगदी पहिल्या वर्षीच्या पानावर, इंग्रजीत लिहिलेलं आहे की या रुग्णाने कधीही अनवाणी चालू नये. ती ओळ मला पाठ होती. आईला ती माहीत नव्हती, कारण मी तिला ती कधीच सांगितली नव्हती.

इंग्रजी फाईल

बाबा एसटीत कंडक्टर होते. वर्धा, देवळी, समुद्रपूर अशा गाड्यांवर त्यांची तीस वर्षं गेली. आपली मुलगी इंग्रजी शाळेत शिकेल हे त्यांनी माझ्या जन्माआधीच ठरवलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी किती जादा फेऱ्या केल्या ते मला फार उशिरा कळलं.

तेरा वर्षांची असताना एका सोमवारी शाळेच्या प्रार्थनेत मी खाली पडले. आधीचे दोन आठवडे मी सारखी पाणी पीत होते. ऊन फार आहे, असं घरात सगळे म्हणत होते. तीन दिवस मी अतिदक्षता विभागात होते, त्यातलं मला काही आठवत नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, मी इंग्रजीत उत्तर दिलं, आणि पुढचं सगळं ते माझ्याशीच इंग्रजीत बोलले. तशा अवस्थेतही बाबांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसत होता. हा आजार जन्मभराचा आहे, इंजेक्शन रोज घ्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ते मी आईला मराठीत सांगितलं. आईनं पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला तिचे फक्त खांदे दिसत होते.

ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून त्या दिवसापासून मी गाळून सांगायला लागले.

डोळे दर वर्षी तपासा, असं डॉक्टर म्हणाले की मी घरी सांगे, “ठीक आहे म्हणाले.” साखर अशीच राहिली तर पुढे किडनीला, पायांच्या नसांना त्रास होईल, असं म्हणाले की मी सांगे, “गोड कमी खा म्हणाले.” बाबांना एकदा संशय आला होता.

“डॉक्टर पाच मिनिटं बोलले, अन् तू दोन शब्दांत आटपून राह्यली?”

“इंग्रजीत तेच तेच फार बोलतात,” मी म्हटलं. बाबांना ते पटलं.

फसवणूक फक्त घरच्यांची नव्हती. तपासणीच्या आधी तीन दिवस मी भात आणि पोळी जवळजवळ बंद करायचे, म्हणजे उपाशीपोटीची साखर नीट येई. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी मात्र तशी फसत नाही. तो आकडा चढत होता. डॉक्टर समजावत, मी मान हलवत असे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझे डोळे मिटायला लावून नायलॉनचा एक बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला आणि म्हणाले, लागला की सांग. मला काहीच लागत नव्हतं. पण ते वाकले की त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याचा बारीक आवाज येई. तो आवाज आला की मी “यस” म्हणत गेले. मी पास झाले. परीक्षेत पास होणं मला लहानपणापासून चांगलं जमतं.

फरशीवरचे ठिपके

सातव्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून खोलीत गेले. मागून आईची हाक आली.

“हे कायचं हाय वं?”

न्हाणीघरापासून खोलीपर्यंत फरशीवर, एक पाऊल सोडून एक, पिवळट लाल ठिपका होता. आईनं मला पलंगावर बसवलं आणि माझा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या खाली तळवा सुजून चकाकत होता. मधोमध एक काळा टिपका होता.

“दुखते का?” तिनं दाबून विचारलं.

“नाही.”

“आता?”

“नाही.”

तिनं अंगठ्यानं चांगलंच दाबलं. पू आला. मी तिच्याकडे पाहत होते आणि मला काहीच होत नव्हतं. तिनं चटका बसावा तसा हात मागे घेतला. मग उठून ती गॅलरीत गेली आणि खाली गाडी पुसत असलेल्या बाबांना तिनं हाक मारली. त्या आवाजात तिनं बाबांना हाक मारलेली मी आधी कधी ऐकली नव्हती.

तोवर मला तापही भरला होता.

कल्पना देण्यात आली आहे

मोठ्या रुग्णालयात एक्स-रे झाला, रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं. काट्याचं टोक आत मोडलेलं होतं. दुपारी तरुण सर्जन आले. त्यांनी माझी जाड फाईल चाळली आणि इंग्रजीत सुरुवात केली. पू हाडापर्यंत पोचला आहे का, ते उद्या सकाळी उघडल्यावरच कळेल. अंगठा राहील असं मी आत्ता सांगू शकत नाही. आत जास्त पसरलं असेल तर पायाचा पुढचा भागही जाऊ शकतो. मी मान हलवली. ते गेले.

“काय म्हणले?” बाबांनी विचारलं.

“साफ करतील म्हणाले. उद्या सकाळी.”

“बस?”

“हो.”

दहा मिनिटांनी सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या. बाबांनी चष्मा लावला. कोणताही कागद ते मोठ्यानं वाचल्याशिवाय सही करत नाहीत. तो कागद मराठीत होता. इतक्या वर्षांत माझ्या आजाराचा त्यांना वाचता येईल असा हा पहिलाच कागद.

“‘शस्त्रक्रियेच्या वेळी गरज भासल्यास पायाचे बोट, बोटे अथवा पायाचा काही भाग काढून टाकावा लागू शकतो,’” बाबा एकेक शब्द वाचत होते, “‘याची मला समजेल अशा भाषेत कल्पना देण्यात आली आहे.’”

ते थांबले. चष्मा काढला.

“कोणं देली मले कल्पना?”

“सरांनी पेशंटला सगळं सांगितलंय, काका,” सिस्टर म्हणाल्या. “मुलगी शिकलेली आहे ना तुमची.”

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. विनातिकीट सापडलेल्या माणसावर ते कधी ओरडायचे नाहीत, असं त्यांचे सोबती सांगतात. नुसते उभे राहायचे. तसेच ते उभे होते.

“बोट काढतीन?”

“कदाचित.”

“पाय?”

मी चादर पायावर ओढून घेतली.

“आखीन काय काय नाई सांगतलं तू?”

सिस्टर कागद उशाशी ठेवून हळूच निघून गेल्या. मी फाईल मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. इंग्रजी ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. मोठे शब्द मला मराठीत येत नव्हते, म्हणून घरात बोलतो तसं सांगत गेले. साखर रोज जास्त राहिली की डोळ्याच्या आतल्या बारीक नसांतून रक्त झिरपतं. किडनी हळूहळू थकते. पायाच्या नसा बधिर होतात, मग काटा लागो की चटका, कळतच नाही. हे सगळं होतं तेव्हा वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही. घड्याळाच्या पट्ट्याचंही सांगितलं. तेरा वर्षांची फाईल संपायला तासभर लागला. बाबांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

आईनं एकच विचारला. “अनवाणी चालू नाई, हे कोन्त्या पानावर होतं?”

“पहिल्या.”

“म्या काढाले लावले तुले बूट.”

“तुला माहीत नव्हतं, आई.”

“मले माहीत नव्हतं,” आई म्हणाली. “तुले तं माहीत होतं. काऊन काढले मंग?”

“तू म्हणालीस म्हणून.”

तिनं ती फाईल उचलली आणि माझ्या दंडावर मारली. फार जोरात नाही, पण मारली. मग माझं डोकं पोटाशी धरून ती रडली. या वेळी तोंड भिंतीकडे नव्हतं.

बाबांनी सही केली नाही. ते बाहेर गेले आणि सर्जनना घेऊनच आले.

“डॉक्टरसाहेब, इंग्रजीत झालं. आता मले सांगा.”

सर्जन स्टूल ओढून बाबांसमोर बसले. “काका, म्या अंगठा वाचवाले पाहतो. पुरा जोर लावतो. पण खोटं नाई सांगत, अंगठा वाचनच असं नाई हाय. अन् पोरीची शुगर उतरली नाई तं माह्या हातात काहीच नाई.”

ते आमच्याहूनही जास्त आमच्यासारखं बोलत होते. त्यांना हे सगळं येतच होतं. फक्त कोणी विचारलं नव्हतं.

शेजारची खाट

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा पाहिलं, चादरीखाली पाय होता. पांढरं मोठं गाठोडं. आई म्हणाली, “हाय. सगळा हाय. पण अजून सांगत नाई म्हणले.”

पुवाचा हाडाला फक्त स्पर्श झाला होता. घाण सगळी काढली होती, जखम उघडी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना अंगठ्याच्या कडेची कातडी काळी दिसली. सर्जन म्हणाले, शुक्रवारपर्यंत वाट पाहू. काळं पुढे सरकलं तर अंगठा काढावा लागेल. त्या दिवशी सोमवार होता.

रुग्णालयाचा दिवस सकाळी बोट टोचण्यानं सुरू होतो. टोचायचं, आकडा, इंजेक्शन, मग खाणं. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा, झोपताना पुन्हा. आयुष्यात पहिल्यांदा मी एकाही आकड्याला फसवायला गेले नाही. सिस्टर आकडा म्हणत, बाबा तो वहीत लिहीत, आणि वाईट असला तरी मोठ्यानं वाचत. “दोनशे ऐंशी. सकाळपेक्षा कमी हाय.” गाडीचं पुढचं गाव सांगावं तसं.

शेजारच्या खाटेवर कांताबाई होत्या. समुद्रपूरकडच्या एका खेड्यातल्या, साठीच्या. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती, आणि ती कशी गेली हे त्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

“थंडीचे दिवस. म्या चुलीपाशी पाय शेकून राह्यली होती. सून म्हणे, आत्याबाई, जळल्याचा वास येऊन राह्यला. म्या म्हणलं, पोळी जळली असन वं, पाह्य. पोळी तं अजून परातीतच होती!”

आणि त्या हसत. मला पहिल्यांदा ते हसणं सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मीही हसले.

कांताबाईंच्या मते शुगर म्हणजे चहात साखर टाकायची नाही. त्या गूळ टाकत होत्या. गूळ घरचा, त्याला काय होतं. लग्नात जेवल्या की दुसऱ्या दिवशी कारल्याचा रस प्यायचा, मग उतरते. गोळी घेऊन साखर नीट आली की गोळी बंद, कारण आता बरं झालं. हे त्यांना कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. आजूबाजूला सगळे असंच करत होते.

“तू इंग्रजीची हायेस म्हणे,” मंगळवारी त्या मला म्हणाल्या. “माही फाईल वाचून दे ना वं. चार वर्षं झाले, घेऊन फिरून राह्यली, आत काय हाय ते माहीत नाई.”

मी वाचायला घेतली. दुसऱ्याच पानावर किडनीबद्दल होतं. माझी जीभ आपोआप तयार झाली होती. ठीक आहे म्हणाले, एवढं म्हणायचं की संपलं. त्यांच्या सुनेचाही चेहरा माझ्याकडेच होता.

“काऊन थांबली?” कांताबाई म्हणाल्या. “वाच ना. माह्याच पोटातलं हाय, कोन्या दुसऱ्याचं नाई.”

“तुमच्या किडनीवर परिणाम व्हायला लागलाय,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता, म्हणून पुन्हा म्हटलं. “अजून सुरुवात आहे. औषध नीट घेतलं, साखर आणि बीपी सांभाळलं, तर तो बराच काळ आहे तिथेच ठेवता येईल, असं लिहिलंय.”

त्यांनी ते पान माझ्या हातून घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाल्या, “ठेवता येते?”

“हो.”

“मंग हे आंधीच कोणी सांगतलं असतं तं म्या गूळ सोडला नसता का बाई? बोटापेक्षा गोड होता का थो गूळ?”

त्या दिवसापासून त्यांनी माझी जाहिरात सुरू केली. बुधवारी सकाळी वॉर्डातल्या आणखी तीन बायका हातात फायली घेऊन माझ्या खाटेशी आल्या. ग्रंथालयात दिवसभरात मी दहा वाक्यं बोलत नाही. त्या सकाळी दीड तास बोलले. कुठे अडलं की सिस्टरना विचारलं, अंदाजानं काही सांगितलं नाही. एका आजींना मी म्हटलं, तुम्ही आजवर डोळे तपासलेलेच नाहीत. त्या म्हणाल्या, दिसते तं चांगलं. मी म्हटलं, मलाही चालता येत होतं चांगलं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि सोबत आलेल्या आपल्या सुनेला म्हणाल्या, “लिहून घे, डोये.”

शुक्रवार

पट्टी सोडताना सर्जन काही बोलत नाहीत. आईनं माझा हात धरला होता, बाबा पायाशी उभे होते. शेवटची गॉज निघाली. काळं होतं. तेवढंच होतं की वाढलं होतं, मला कळत नव्हतं.

सर्जननी चिमट्यानं त्या काळ्या कडेला धरलं आणि हळूच ओढलं. सुकलेल्या सालीसारखं ते निघून आलं. खाली लालभडक होतं. त्यांनी तिथे टोकानं जरासं खरवडलं आणि रक्ताचा थेंब वर आला. मग दुसरा.

“वा!” ते म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता बाबांकडे वळले. “काका, रक्त येऊन राह्यलं. जिवंत हाय. अंगठा राह्यते तुमच्या पोरीचा.”

बाबा म्हणाले, “पाय?”

“पायाचं तं नावच घेऊ नका आता.”

बाबांनी खिशातून रुमाल काढला, तो उघडला, घडी घातली आणि परत खिशात ठेवला. आई बाहेर गेली ती तोंड धुऊनच परत आली. पलीकडून कांताबाई ओरडल्या, “काय म्हणले वं?”

“राहिला!” मी ओरडले. वॉर्डात ओरडू नये असं भिंतीवर लिहिलेलं होतं.

चार महिने

अंगठा वाचला म्हणजे जखम भरली असं नव्हतं. ती भरायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत तो पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. वॉकर, न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची, दर आठवड्याला पट्टी. दुखत नसलेला पाय न टेकवणं फार अवघड आहे. दुखणारा पाय तुम्हाला स्वतः अडवतो. हा अडवत नाही, तुम्हालाच लक्षात ठेवावं लागतं.

दुसऱ्या महिन्यात मी एकदा विसरले. विसरले असं तरी का म्हणू, कंटाळले. वॉकर सोडून गॅलरीपर्यंत चालत गेले आणि परत आले. सोळा पावलं. पुढच्या पट्टीला जखम रुंदावलेली निघाली. सर्जननी विचारायच्या आतच मी सांगितलं, “मी चालले.” मराठीत, बाबांसमोर. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी घेऊन आले, माझे दोन्ही पाय नेहमीप्रमाणे बोटांच्या फटींसकट तपासले आणि म्हणाले, “डावा साफ हाय. उजव्यानं आखीन फिरायले गेली तं माह्याशी गाठ हाय.”

त्याच महिन्यात डोळे तपासले. डाव्या डोळ्यात रक्ताचे बारीक ठिपके निघाले. आत्ता काही करायची गरज नाही, साखर सांभाळा आणि सहा महिन्यांनी दाखवा, असं सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आत मी हे शब्दाला शब्द आईला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. पण पुढच्याच पायरीवर ती म्हणाली, “सहा महिने म्हणजे कोन्ता महिना येते?” आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. तेरा वर्षं मी ज्याला घाबरत होते, ते एका पायरीत आटोपलं होतं.

तीन महिन्यांची सरासरी या वेळी उतरली. फार नाही, पण खरी उतरली.

ज्यांना शुगर आहे त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. रोज पाय पाहा, तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहा किंवा घरच्यांना दाखवा. घरातही चप्पल घाला, देवासमोर मोजे घालून उभं राहा, देव रागावत नाही. पाय शेकू नका. डोळ्यांची आणि किडनीसाठी लघवीची तपासणी दर वर्षी करा, काही वाटत नसलं तरी. आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरात एकट्याला माहीत ठेवू नका. समजलं नाही तर आपल्या भाषेत सांगा, असं डॉक्टरांना म्हणा. ते सांगतात.

चालून दाखव

फेब्रुवारीच्या शेवटी एका गुरुवारी सिस्टरनी कागदाची मोजपट्टी जखमेशी धरली आणि म्हणाल्या, “मोजायला काही नाही राहिलं.” सर्जन आले. बोट फिरवून पाहिलं. गुलाबी, पातळ कातडीची एक रेघ होती. बधिरपणा गेलेला नाही, तो बहुधा जाणारही नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मऊ तळाचे नवे बूट माझ्यासमोर ठेवले. “आत हात घालून पाहायचं आधी, मग पाय. रोज. आता चाल.”

ड्रेसिंगच्या खोलीबाहेर लांबट व्हरांडा आहे. बाकांवर पट्टीसाठी आलेल्या बायका बसल्या होत्या. मधोमध कांताबाई.

“आली वं आली!” त्या म्हणाल्या. “आंधी बोटं दाखव.”

मी बूट काढला. बाबांनी आपला रुमाल खाली अंथरला, त्यावर मी पाय ठेवला. कांताबाईंनी वाकून एकेक बोट धरून मोजलं. “पाच! पाह्य बाई, पुरी पाच!” शेजारच्या दोघींनीही वाकून पाहिलं, नव्या बांगड्या पाहाव्यात तसं.

“आता चालून दाखव.”

“इथे?”

“इथं नाई तं काय बजाजवाडीच्या चौकात? चाल!”

मी बूट घातला आणि उठले. पंधरा-वीस बायका, आई, बाबा, दारातल्या सिस्टर, सगळे माझ्याकडे पाहत होते. एरवी अशा वेळी मला जमिनीत शिरावंसं वाटतं. मी मान खाली घालून पहिली चार पावलं टाकली, मग मान वर केली.

“लंगडत तं नाई ना?” एकीनं विचारलं.

“नाई वं. सरळ हाय चाल,” दुसरी म्हणाली.

“पोरगी पसंत हाय!” कांताबाईंनी निकाल दिला. “सैपाक येते का बाई?”

“येतो,” मी व्हरांड्याच्या त्या टोकावरून म्हटलं. “पण गूळ मिळणार नाही.”

सगळा व्हरांडा हसला. सर्वांत मोठ्यानं कांताबाई. आई हसता हसता डोळे पुसत होती आणि बाबा रुमालाची घडी घालत होते. मी बाकाशी परत आले. बसायला जागा करून दिली होती. मी बसले नाही. कोणी सांगितलं नव्हतं तरी वळले, आणि तो सगळा व्हरांडा पुन्हा एकदा चालून आले.